साठाला एक कमी

बाबाराव मुनेश्वरांना तालुक्याच्या कचेरीत सगळे जाळीवाले बाबाराव म्हणत. मतमोजणीच्या दिवशी टेबलं मांडतात, टेबलांपुढं कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी जाळी ताणतात आणि जाळीच्या अलीकडे उमेदवारांची माणसं बसवतात. आकडे नीट वाचले जातात की नाही, नीट लिहिले जातात की नाही, हे त्यांनी तिथून बघायचं. बत्तीस वर्षं बाबाराव त्या जाळीमागं बसत आले होते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, काही वर्ज्य नाही. कळंब झालं, राळेगाव झालं, घाटंजी झालं. आणि बत्तीस वर्षांत एकदाही ते अंगावर गुलाल घेऊन घरी आले नव्हते.

कारण साधं होतं. निवडून येणाऱ्यामागं पोरांची फौज असते, मोजणीला कोणी बसायचं यावरून त्यांच्यात भांडणं लागतात. पडणाऱ्याला मात्र ऐनवेळी माणूस सापडत नाही. मग आदल्या संध्याकाळी तो बाबारावांच्या दारात येऊन उभा राही आणि उद्याच्यापुरते चला म्हणून गळ घाली. बाबारावांना नाही म्हणायचं कधी जमलंच नाही. एकदा, फक्त एकदाच, त्यांचा उमेदवार निवडून आला, तर त्या दिवशी बाबाराव तापानं फणफणून घरी पडलेले. तेव्हापासून गावातली टवाळ पोरं उमेदवाराला सल्ला द्यायची, की निवडून यायचं असेल तर बाबारावांना आधी पावसात भिजवून आण.

शिक्षण सातवी, पण आकड्याला माणूस पक्का. शाळेतल्या गुरुजींनी छडीच्या जोरावर पाढे आणि उजळणी अशी काही बसवली होती की सहासष्ट वय झालं तरी हलली नव्हती. मोजणीला जाताना खिशात एक जुनी डायरी आणि शिसपेन्सिल असायची. चूक दिसली की ते उभे राहून बोलायचे, मग समोर तहसीलदार असो की आणखी कोणी. अधिकारी म्हणायचे, लेखी द्या. बाबाराव लेखी द्यायचे. "आकड्याले ना जात असते, ना पक्ष," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून कचेरीतले शिपाईही त्यांच्या आधीच म्हणून टाकत.

यंदा मात्र गंमत झाली. यंदा कोणी दारात आलं नाही, कारण उमेदवार घरातच होता. त्यांची सून पायल ग्रामपंचायतीला उभी होती.

पिंपळझरीच्या तीन नंबर वॉर्डातल्या दोन जागा बिनविरोध निघाल्या आणि बायांसाठी राखीव असलेली तिसरी जागा तेवढी लढवायची राहिली. पायल बचत गटाची अध्यक्ष, बोलायला धीट. तिनं अर्ज भरला तो एकाच गोष्टीसाठी. गावातल्या टाकीचं पाणी आधी वरच्या आळीत जातं, मग बाजारचौकात, आणि उरलंसुरलं तीन दिवसांआड बौद्धवस्तीच्या नळांना येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. वस्तीला वेगळी लाइन द्या, एवढं सांगायला ग्रामपंचायतीत आपलं एक माणूस पाहिजे, हे तिचं म्हणणं. सासू तुळसाबाई तिच्याबरोबर घरोघर फिरली. मुलगा संघदीप ऑटो चालवायचा. त्यानं चार दिवस सवाऱ्या सोडून बायकोचा प्रचार केला. समोर खेमसिंगची सून होती. खेमसिंग तांड्यावरचा, बाबारावांच्या बरोबरीचा. दोघांनी तरुणपणी रोजगार हमीच्या रस्त्यावर एकाच ढिगावर खडी फोडलेली. सुना समोरासमोर आल्या म्हणून दोन म्हाताऱ्यांचं बोलणं थांबलं नव्हतं, एवढंच की महिनाभर ते फक्त कापसाबद्दल बोलत.

मोजणीच्या दिवशी सकाळी सातलाच ऑटो निघाला. ऑटोच्या डिक्कीत संघदीपनं निळ्या गुलालाच्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या. बाबारावांनी त्या पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. बत्तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना एवढं शिकवलं होतं की गुलाल आधी विकत घेऊ नये.

पण मनातून त्यांनाही वाटत होतंच. रात्रभर डोळा लागला नव्हता. दुसऱ्याच्या हरण्याची सवय होते, घरातल्याच्या हरण्याची होत नाही.

गावांचे नंबर लागत लागत पिंपळझरीची पाळी यायला दुपारचे अडीच वाजले. तोवर बाबारावांचे गुडघे आखडले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं निवडणुकीसाठी पुढं ढकललेलं. पायल आणि संघदीप फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते. आत जाळीमागं पायलच्या वतीनं बाबाराव, आणि खेमसिंगच्या सुनेच्या वतीनं त्यांच्याच भावकीतला देवसिंग. देवसिंग यवतमाळला इंग्रजी शाळेत शिकून आलेला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्यानं बाबारावांना वाकून नमस्कार केला आणि काका, तुमी बसा, मी उभा राह्यतो म्हणाला. पोरगं सालस होतं.

टेबलावर दोघं होते. मशीनजवळ एक निवृत्तीला आलेले गुरुजी, सकाळपासून आकडे वाचून घसा बसलेला. त्यांच्या शेजारी भैरवी नावाची नवी कारकून, आकडे तक्त्यात भरायला. ती नोकरीला लागून सहा महिनेही झाले नव्हते. गुरुजी मशीनचं बटन दाबत, लाल आकडा उमटला की मशीन जाळीच्या दिशेनं जरासं वळवत आणि मोठ्यानं वाचत. पण खिडकीतला उजेड नेमका काचेवर पडत होता, आणि गुरुजींना घाईही होती. आकडा दिसेपर्यंत पुढचा यायचा. म्हणून जाळीमागं जो तो कानांवरच भिस्त ठेवून लिहीत होता.

पहिलं मशीन वस्तीच्या केंद्राचं. पायल एकशे त्रेचाळीस, खेमसिंगची सून एकशे अठरा, नोटा सहा. बाबारावांनी डायरीत लिहिलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. पंचवीसची आघाडी. आता तांड्याच्या केंद्राचं दुसरं मशीन. तिथं पायल मागं पडणार हे ठाऊकच होतं, किती पडते एवढाच प्रश्न होता.

गुरुजींनी आधी एकूण मतदान वाचलं, "एकशे एकोणसाठ." मग पायलचा आकडा, "एकोणसाठ." मग "अठ्ठ्याऐंशी." इथं भैरवीनं मान वर करून "एटी-एट ना सर?" असं विचारून घेतलं आणि गुरुजींनी मान हलवली. मग नोटा, "बारा."

बाबारावांनी बेरीज केली. दोनशे दोन आणि दोनशे सहा. चारनं गेली. त्यांनी पेन्सिल डायरीत ठेवली आणि डायरी मिटली. वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. त्यांच्या नशिबाचं हे रोजचंच दुकान होतं. आता बाहेर जाऊन पोरीला काय सांगायचं, याचा ते विचार करू लागले.

तेवढ्यात देवसिंग मटकन खाली बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, जिंकले तुमी," तो म्हणाला. "सहा मतांनी."

बाबारावांना वाटलं पोरगं थट्टा करतंय. पण टेबलावर भैरवीही बेरीज मारून तेच सांगत होती. पायल मुनेश्वर दोनशे बारा. गुरुजींनी तक्ता उचलला आणि एकूण जुळतं का पाहिलं. एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी, बारा, एकूण एकशे एकोणसत्तर. बरोबर जुळलं. त्यांनी सही ठोकली. जाळीला लागून उभा असलेला एक बातमीदार, गळ्यात पास घातलेला, त्यानं लगेच तक्ता वाचून घेतला आणि फोन वापरायला बाहेर पळाला. पाच मिनिटांत 'आपला तालुका' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी पडली, की पिंपळझरी, वॉर्ड तीन, पायल मुनेश्वर सहा मतांनी विजयी.

बाबारावांना सगळा प्रकार कळायला वेळ लागला नाही. एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ, साठाला एक कमी. पण या पोरांना एकोणची सवय कुठली? एकोण म्हणजे नऊ आणि साठ म्हणजे साठ, दोन्ही मिळून एकोणसत्तर, असा त्यांचा हिशोब. त्यांच्या नातवानंही हीच चूक केली होती आणि बाबारावांनी त्याला अंगणात उभं करून वीस वेळा एकोणसाठ लिहायला लावलं होतं. भैरवीला अठ्ठ्याऐंशीची खात्री नव्हती म्हणून तिनं विचारलं. एकोणसाठची तिला पक्की खात्री होती, म्हणून विचारलं नाही. आणि एकूण मतदानातही तीच चूक झाली, त्यामुळं बेरीज जुळली आणि चूक झाकली गेली. देवसिंगच्या कागदावरही एकोणसत्तरच होतं. गुरुजींनी वाचलं खरं आणि सही केली खोट्यावर. म्हणजे या सगळ्या दालनात खरा आकडा एका माणसाच्या डायरीत होता, आणि तो माणूस विजयी उमेदवाराचा सासरा होता.

बाबाराव गप्प बसले.

ते का गप्प बसले, हे त्यांनी पुढं कोणाला सांगितलं नाही. पण सांगण्यासारखं अवघड त्यात काही नव्हतं. माणूस थकलेला होता. बत्तीस वर्षं चुका दाखवल्या, लेखी दिलं, पदरात काय पडलं तर टवाळी. आज पहिल्यांदा चूक आपल्या बाजूनं झाली होती, आणि तीही आपण केलेली नव्हती. आपण तर फक्त बसलो होतो. डोळ्याला दिसत नाही, कानाला कमी ऐकू येतं, सहासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण जाब विचारणार? वस्तीला पाणी येईल. पोरगी काम करेल, खेमसिंगच्या सुनेपेक्षा जास्तच करेल. कदाचित आपलंच ऐकण्यात चुकलं असेल.

शेवटच्या विचारानं त्यांना जरा बरं वाटलं. आणि तो विचार खरा करून घ्यावा म्हणूनच की काय, त्यांनी खिशातला घडी घातलेला कागद काढला. मतदान संपल्यावर केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं सही करून दिलेली एकूण मतदानाची प्रत होती ती. प्रत्येक प्रतिनिधीला देतात. देवसिंगलाही दिली असणार, त्यानं ती कुठं ठेवली कोण जाणे. त्या अधिकाऱ्याचं अक्षर सुरेख होतं. त्यानं आकड्यात १५९ लिहून पुढं कंसात अक्षरीही लिहिलं होतं, एकशे एकोणसाठ फक्त.

आता पळायला वाट उरली नाही.

आणि मग त्यांना राळेगावचा तो माणूस आठवला. वीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा मोजणी कागदाच्या मतपत्रिकांची होती आणि बाबारावांचा उमेदवार एका मतानं पडला होता. आपल्या पंचवीसच्या एका गठ्ठ्यात सव्वीस निघाल्या आहेत असं बाबाराव जीव तोडून सांगत होते. शेजारी जिंकणाऱ्याचा प्रतिनिधी बसला होता, टोपी घातलेला, पोक्त. त्यानंही ती मोजणी पाहिली होती. तो फक्त टोपी नीट करत छताकडं बघत बसला. गठ्ठा पुन्हा मोजला गेला नाही. बाबारावांनी त्या माणसाला वीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. कधी जेवताना, कधी बसमध्ये, कधी कारण नसताना. आज त्यांच्या लक्षात आलं की आपणही मघापासून छताकडंच बघतोय.

सही करायला उमेदवारांना आत बोलावलं. पायल आली. तिच्या मागून खेमसिंगची सून आली, डोळे पुसत. पायलनं जाळीच्या पलीकडून सासऱ्याकडं पाहिलं आणि हसली. प्रचारात उन्हानं तिचा चेहरा रापला होता. निवडणूक अधिकाऱ्यांनी पेन पुढं केलं.

बाबाराव उठले. त्यांनी जाळी धरली.

"साहेब, थो आकडा चुकला," ते म्हणाले. "एकोणसत्तर नाई, एकोणसाठ होय. साठाले एक कमी."

अधिकाऱ्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं की तुम्ही कोणाचे प्रतिनिधी. बाबारावांनी सुनेकडं बोट दाखवलं. मग मी समजलो नाही, असं साहेब म्हणाले, कारण जिंकलेल्या बाजूचा माणूस हरकत घेतोय असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. बाबारावांनी जाळीच्या भोकातून तो कागद आत सरकवला. साहेबांनी तो वाचला, तक्ता वाचला, पुन्हा कागद वाचला. आणि मग, इतकं सगळं समोर असूनही, त्यांच्या तोंडून ते वाक्य आलंच.

"लेखी द्या."

बाबारावांनी लेखी दिलं. डायरीचं पान फाडलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. मी उमेदवार पायल संघदीप मुनेश्वर यांचा प्रतिनिधी, वॉर्ड तीनचं दुसरं मशीन पुन्हा दाखवावं अशी विनंती करतो. बत्तीस वर्षांत त्यांनी असे अर्ज कितीतरी लिहिले होते. एकाचाही उपयोग झाला नव्हता. हा पहिलाच उपयोगी पडला.

मशीन पुन्हा लावलं. या वेळी गुरुजींनी खिडकी बंद करून घेतली. लाल आकडा सगळ्यांना दिसला, ५९. भैरवी रडकुंडीला आली. बाबारावांनीच तिला जाळीतून समजावलं, की मॅडम, माह्या नातवाचीबी हीच गलती होते, मनाले लावून घेऊ नका. देवसिंगनं बाबारावांची पाण्याची बाटली भरून आणली. खेमसिंगची सून चार मतांनी विजयी. पायलनं सांगितल्या जागी सही केली आणि कोणाकडं न बघता बाहेर गेली.

बाहेर गुलाल सुरू झाला होता. तांड्याची पोरं नाचत होती. बाबाराव कडेकडेनं निघून जात होते, तर गर्दीतून खेमसिंग आला. देवसिंगनं त्याला सगळं सांगितलं असावं. त्यानं मूठभर गुलाबी गुलाल बाबारावांच्या कपाळाला, गालाला, पांढऱ्या सदऱ्याला लावला.

"तुले लावला पाह्यजे, बाबाराव," तो म्हणाला. "आमचा देवसिंग असता तं थो बोल्ला नसता. मीबी नसतो बोल्लो."

बाबारावांना नको म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हणायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

ऑटो परत निघाला. संघदीपच्या फोनवर सारखे फोन येत होते आणि तो उचलत नव्हता. बातमीदारानं सुधारलेला आकडाही टाकला होता, पण तोवर ग्रुपवर शंभर जणांची अभिनंदनं आणि हार-फुलांची चित्रं पडली होती. सुधारलेला आकडा त्याखाली पार गडप झाला. चांगली बातमी मोटारसायकलवर जाते आणि दुरुस्ती मागून बैलगाडीनं येते. संघदीप पुढं बघून चालवत होता. कळंबच्या फाट्यावर त्यानं एकदाच विचारलं, की बाबा, काहून? आणि उत्तराची वाट न बघता गिअर टाकला. पायल बाहेर बघत होती. बाबारावांना वाटलं, तिनं भांडावं. भांडली असती तर बरं झालं असतं.

वस्तीच्या तोंडाशीच डफडं ऐकू आलं. बाया रस्त्यावर आल्या होत्या. कोणी साखर वाटत होतं. तुळसाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं उभी होती. ऑटो थांबला आणि बाबाराव उतरले. त्यांच्या अंगावरचा गुलाल पाहून बायांनी एकच गलका केला. बत्तीस वर्षांत तुळसाबाईनं नवऱ्याला गुलाल लागलेला पाहिला नव्हता. ती हसत दोन पावलं पुढं आली, आणि मग थबकली. तिनं त्यांच्या कपाळाकडं पाहिलं, सदऱ्याकडं पाहिलं.

"अजी," ती हळूच म्हणाली, "गुलाबी काहून? आपला तं निळा होता ना."

डफडं वाजवणाऱ्याचा हात थांबला. बाबारावांचा हात सदऱ्यावरचा गुलाल झटकायला गेला. संघदीप ऑटोतच बसून राहिला.

पायल खाली उतरली.

"पडलो आपण, आत्याबाई. चार मतांनी. खोट्यानं निवडून येत होतो, मामाजीनं येऊ देल्लं नाई." तिनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं. "थो गुलाल मामाजीचाच होय. कोणी पुसू नका."

बाया हळूहळू पांगल्या. कोणी काही टोचून बोललं नाही, ते उद्या बोलतील. बाबाराव ओट्यावर बसले. तुळसाबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात लोटा होता. तिनं तो त्यांच्यापुढं ठेवला. लोटा अर्धाच भरलेला होता.

"एवढ्यातच तोंड धुवा," ती म्हणाली. "नळ परवा येते."